एकोणीस मुली, बारा जागा

बास्केटबॉलच्या संघाच्या यादीत बारा नावं मावतात. एका वेळी मैदानात पाच, बाकावर सात. आमच्या भागातल्या मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हा बाराचा आकडा कित्येक वर्षं नुसता नियमांच्या पुस्तकात होता. मी इंजिनिअरिंगला होते तेव्हा, म्हणजे 2015 ते 2019 या काळात, आम्ही कधी नऊ जणी असायचो, कधी आठ. एका स्पर्धेला तर सातच जणी गेलो होतो. त्यातल्या दोघी पाच-पाच फाउल होऊन बाहेर बसल्या आणि शेवटची चार मिनिटं उरलेल्या पाच जणींनी देवाचं नाव घेत काढली. निवड वगैरे भानगड नव्हतीच. जिच्या घरून परवानगी आणि जिच्या पायात बूट, ती संघात. त्यामुळे यंदाच्या जुलैत सरांचा फोन आला, "एकोणीस जणी आल्यात गं. तू सध्या घरीच आहेस ना? ये की जरा बसायला, तुला ते आकडेबिकडे कळतात," तेव्हा आधी आनंदच झाला. फोन ठेवल्यावर वजाबाकी केली. सात जणींना नाही म्हणायचं होतं.

मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. महिन्यातले काही दिवस घरून काम चालतं, ते मी गावी येऊन करते. कॉलेज अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे (आमच्या तोंडी अजून नगरच येतं). त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्यावरून मुली ओळखू येतील. मुलींनाही नंबरांनीच ओळखू या. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकीच्या पाठीवर कागदावरचा नंबर सेफ्टी पिनने टाचला होता. कागद मुलांच्या निवडीतून उरलेले, त्यामुळे नंबर सलग नव्हते. 5 नव्हता, 11 नव्हता, 22 मात्र होता.

कॉलेजबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. आधी आपल्या विभागातली कॉलेजं एकमेकांशी खेळतात, मग विभागांचे आपसांत सामने होतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निघतो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. जुलैत यातलं काहीच डोळ्यांसमोर नसतं. फर्स्ट इयरचे प्रवेश अजून कॅप राउंडमध्ये अडकलेले असतात, त्यामुळे सरावाला येतात त्या एसई, टीई आणि बीईच्या मुली. वर्ग नीट सुरू झालेले नसतात, सबमिशन दूर असतात, उत्साह मुबलक असतो. चार जणी येतील म्हणून उघडलेल्या मैदानावर एकोणीस येतात त्या याच काळात.

मैदान सिमेंटचं, उघडं. 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद. एका बाजूचा बोर्ड तडकलेला आहे आणि त्या तड्याजवळ चेंडू लागला की तो परत येण्याऐवजी खाली पडतो. जुन्या खेळाडूंना हे ठाऊक असतं, नव्यांना नसतं. नगर जिल्ह्याच्या वाट्याला पाऊस कमीच, पण अकोल्याकडच्या डोंगरातून जुलैत ढग येतात आणि तासभर भुरभुर लावून जातात. मग दोघी वायपर घेतात, दोघी गोणपाट, आणि अर्धा तास पाणी काढण्यात जातो. मी माझ्या शीटमध्ये पहिला रकाना केला तो याचा: मैदान कोरडं की ओलं. दुसरा रकाना चेंडूचा. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, घेराला सुमारे 73 सेंटीमीटर आणि वजनाला साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. मुलांचा सात नंबरचा, घेर 75 च्या पुढे आणि वजन सहाशेच्या आसपास. कॉलेजकडे आठ चेंडू होते, त्यातले सहा नंबरचे तीन. म्हणजे एकीच्या हातात मुलींचा चेंडू यायचा, तिच्या शेजारणीच्या हातात मुलांचा, आणि दोघींचे दहा-दहा फ्री थ्रो एकाच कागदावर एकाखाली एक लिहायचे. सरांना हे सांगितल्यावर त्यांनी सात नंबरचे पाचही चेंडू मुलांकडे पाठवून दिले. तीन चेंडूंत एकोणीस जणी म्हणजे वेळ फार जाणार होता. पण निदान दहातले चार म्हणजे चार हे तरी खरं राहणार होतं.

पहिल्या दिवशीच्या चाचण्या सरांच्या ठरलेल्या. दहा फ्री थ्रो. उजव्या हाताने पाच ले-अप, डाव्या हाताने पाच. बाटल्यांच्या रांगेतून नागमोडी ड्रिबल, घड्याळ लावून. मग सुसाइड: बेसलाइनवरून निघून एकेका रेषेला हात लावून परत यायचं, असं पूर्ण मैदान. शेवटी बोटांना खडू लावून भिंतीपाशी उडी. मी बाकावर लॅपटॉप उघडून आकडे भरत होते. संध्याकाळी घरी गेल्यावर एकूण गुणांप्रमाणे नावं लावली आणि त्याच्या शेजारी, सहज म्हणून, मुलींनी भरलेल्या फॉर्ममधला शाळेचा रकाना आणून ठेवला.

पहिल्या सहांतल्या पाच जणी अशा शाळांतून आल्या होत्या जिथे मैदानावर बास्केटबॉलची रिंग होती. नगर शहर, नाशिक, श्रीरामपूर. शेवटच्या नऊ जणी जिल्हा परिषदेच्या, रयतच्या आणि आश्रमशाळांच्या. त्यांतल्या एकीच्याही शाळेत रिंग नव्हती. मधल्या चार जणी थोड्या इकडे, थोड्या तिकडे. हे मी पोरींना अंदाजानेही सांगू शकले असते, त्यासाठी चाचण्या घ्यायची गरज नव्हती. पण कागदावर इतकं स्वच्छ उतरलेलं पाहिल्यावर थांबायला झालं. फ्री थ्रो, ले-अप, ड्रिबल या तिन्ही रकान्यांत आम्ही त्या संध्याकाळी मोजलं होतं ते असं: सातवी-आठवीत असताना या मुलीच्या शाळेत लोखंडी खांबाला रिंग होती का? उडीच्या आणि पळण्याच्या रकान्यांत हा क्रम पार विस्कटून गेला होता. तिथे पहिल्या पाचांत चौघी रिंग नसलेल्या शाळांतल्या.

आमच्या कंपनीत मी गेली दोन वर्षं कॅम्पस मुलाखतींच्या पॅनेलवर बसते, त्यामुळे हा प्रकार मला नवा नाही. मुलाखतीची पहिली दहा मिनिटं तुम्ही मुलाचं इंग्रजी मोजत असता. पुढची दहा मिनिटं त्याने कुठल्या क्लासची प्रश्नावली पाठ केली आहे ते मोजत असता. उरलेल्या वेळात, दिला तर, एखादा प्रश्न असा विचारता येतो ज्यात त्याला चुकू द्यायचं, एक बारीकशी खूण द्यायची आणि मग तो काय करतो ते बघायचं. ती खूण देण्याआधीचे आणि नंतरचे त्याचे उत्तर यांतलं अंतर हीच मला उपयोगाची गोष्ट वाटते. अर्थात हे सगळं चाळीस मिनिटांत. सरांकडे अकरा दिवस होते.

म्हणून मी त्यांना एवढंच सुचवलं की याच चाचण्या सहाव्या दिवशी पुन्हा घेऊ आणि अकराव्या दिवशी पुन्हा. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि खेळायला कधी देऊ? चाचण्याच घेत बसलो तर सामना कोण शिकवणार?" त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही तोड काढली. चाचण्यांतले फक्त डाव्या हाताचे ले-अप आणि नागमोडी ड्रिबल पुन्हा घ्यायचे, कारण या दोन गोष्टी शिकवून लवकर सुधारतात, आणि बाकी वेळ पाच-पाच जणींचे छोटे सामने.

आता 14 नंबरबद्दल. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावातली, आश्रमशाळेत शिकलेली, खो-खो खेळलेली. सध्या संगमनेरच्या अलीकडे मावशीकडे राहते. पहिल्या दिवशी तिचा फ्री थ्रो दहात एक. डाव्या हाताचे ले-अप पाचात शून्य. बाटल्यांमधून चेंडूशिवाय पळायला सांगितलं तर एकोणिसांत सगळ्यांत वेगवान, चेंडू दिला की शेवटून तिसरी. ही तफावत अनुभव नसण्याची, असं कोणीही म्हणेल. पण तिचं चेंडू घेऊन पळणं मी दोन-तीन दिवस नीट पाहिलं तेव्हा त्यात एक ओळखीची गोष्ट दिसायला लागली. समोर कुणी आलं तरी ती वळायची नाही. त्याच दिशेने रेटत राहायची, अगदी बाहेरची रेषा येईपर्यंत.

खो-खो खेळलेल्यांना हे लगेच कळेल. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत उलटं फिरायचं नाही, नाहीतर फाउल. मधली पट्टी ओलांडायची नाही. वर्षानुवर्षं हे अंगात मुरलेलं. चेंडू हातात आला की 14 नंबर पाठलाग करणारी व्हायची. आणि चेंडू दुसरीकडे असला की ती पळणारी व्हायची: बसलेल्या मुलींच्या मधून दोन्हीकडे हुलकावण्या देणारी, क्षणात दिशा बदलणारी. बचावाला तिला उभं केलं की समोरची मुलगी वैतागून पास देऊन टाकायची. म्हणजे दिशा बदलणं तिला येत होतं, पुष्कळ येत होतं. फक्त चेंडू हातात असताना ते करायला परवानगी आहे हे शरीराला कुणी सांगितलं नव्हतं. मी सरांना म्हटलं. सर स्वतः कबड्डीचे, ते हसले आणि तिला बोलावून म्हणाले, "काय गं, चेंडू घेतला की तू पळणारी आहेस, पकडणारी नाहीस. तुला सगळे पकडायला आलेत असं समज." त्या एका वाक्याने चमत्कार झाला असं लिहायला मला आवडलं असतं. झालं एवढंच की त्या संध्याकाळी ती चार वेळा वळली, आणि त्यातल्या तीन वेळा ट्रॅव्हल झाला. पण सहाव्या दिवशी डाव्या हाताचे ले-अप पाचात दोन होते आणि अकराव्या दिवशी तीन. नागमोडी ड्रिबलमध्ये ती शेवटून तिसरी होती ती मधोमध आली.

पहिल्या दिवसाचे आकडे कुणाला कसे फसवतात याच्या गोष्टी मोठ्या जगातही आहेत. अमेरिकेत एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याआधी त्यांची मोजमापं घेण्याचा एक सोहळाच असतो. 2007 मध्ये तिथे केविन ड्युरंटला 185 पौंडांचा, म्हणजे जवळपास 84 किलोंचा, भार बाकावर झोपून एकदाही उचलता आला नव्हता. तरी तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि 2014 मध्ये त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सर्बियाचा निकोला योकिच त्याच 2014 साली एक्केचाळिसावा निवडला गेला आणि पुढे तीनदा तोच मान त्याला मिळाला. या गोष्टी सांगायला छान असतात, पण आमच्या मैदानावर त्यांचा फारसा उपयोग नाही. ड्युरंटला निवडणाऱ्यांनी त्याला कॉलेजात वर्षभर खेळताना पाहिलं होतं. आमच्या मुलींना याआधी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

चौथ्या दिवसानंतर चौघी आपणहून यायच्या थांबल्या. दरवर्षी असं होतं, कोणी विचारतही नाही. एकीचा भाऊ दोन दिवस मैदानाबाहेर मोटारसायकलवर बसून असायचा, ती त्यांतलीच. पंधरा उरल्या. आता तिघींनाच नाही म्हणायचं होतं.

इथे हजेरीचा विषय आला. सरांच्या जुन्या पद्धतीत शंभरातले वीस गुण हजेरीला. सराव पावणेपाच ते सव्वासहा. पंधरांतल्या सहा जणींना पाच-चाळीसच्या एसटीसाठी साडेपाचला निघावं लागायचं. त्यानंतरची गाडी साडेसातची, ती घरी पोचवते तेव्हा नऊ वाजतात आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा सराव बंद होतो. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना त्याआधीपासून मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेकीच्या नावाचा. पैशाचा प्रश्न बराचसा सुटला आहे. गाडी कधी सुटते हा प्रश्न आहे तसाच आहे. हॉस्टेलवरच्या मुलीला या रकान्यात वीस पडणार आणि अर्ध्या सरावातून उठणाऱ्या मुलीला दहा. मग आपण मुलगी मोजतोय की वेळापत्रक?

1892 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेन्डा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींना बास्केटबॉल शिकवायला सुरुवात केली, जेम्स नेस्मिथने हा खेळ काढल्यानंतर जेमतेम काही महिन्यांनी. तिने मुलींसाठी मैदानाचे तीन भाग केले होते आणि प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचं, रेषा ओलांडायची नाही, असा नियम केला होता. फार दमू नये, धसमुसळेपणा होऊ नये म्हणून. वाचताना हसू येतं. आमच्याकडे पूर्ण मैदान पळायची मुभा आहे, फक्त साडेपाचपर्यंत.

सरांशी या रकान्यावरून थोडी वादावादी झाली. त्यांचं म्हणणं, सामना कुठेही असला की सकाळी सहाला निघावं लागतं, जी सरावाला थांबू शकत नाही ती तेव्हा येईल कशावरून? माझं म्हणणं, सकाळी सहाची गोष्ट वर्षातून चार दिवसांची, घरचे कशीबशी सोय करतात. रोजची गाडी चुकवणं वेगळं. शेवटी त्यांनी हजेरीचे गुण वेळेवर येण्याला द्यायचं ठरवलं, निघण्याला नाही. आणि विभागप्रमुखांना गाठून मंगळवार-गुरुवारचं प्रॅक्टिकल मागेपुढे करून सराव पावणेचारला आणला. माझ्या शीटपेक्षा या एका गोष्टीने जास्त फरक पडला असं मला वाटतं. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा पंधराच्या पंधरा जणी शेवटपर्यंत मैदानावर होत्या.

छोट्या सामन्यांत मी दोन प्रकारची नोंद ठेवत होते. एक नेहमीची: बास्केट, रिबाउंड, चेंडू हातचा घालवणं. दुसरी साधी: कोणत्या पाच जणी एका बाजूला होत्या आणि ती बाजू जिंकली की हरली. संघ प्रत्येक वेळी मोडून नव्याने करायचे. ही दुसरी नोंद उघडली आणि 22 नंबर दिसली. तोपर्यंत ती मला दिसलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. मधल्या उंचीची, एसई कॉम्प्युटरची, राहाता तालुक्यातल्या गावातून येणारी. सगळ्या चाचण्यांत मधोमध. फ्री थ्रो दहात चार. बास्केट कमी, रिबाउंड बरे. पण ती नऊ सामने खेळली आणि त्यातले सात तिच्या बाजूने जिंकले.

मग मी दोन दिवस दुसऱ्या कुणाकडे न बघता तिच्याकडेच बघितलं. ती सतत बोलत होती. "डावीकडून आली, डावीकडून!" "मागे मी आहे, तू पुढे जा." आपल्या मैत्रिणीला मोकळी वाट मिळावी म्हणून समोरच्या मुलीच्या रस्त्यात घट्ट उभी राहायची, धक्का खायची आणि उठून परत पळायची. रिबाउंड स्वतः घेण्यापेक्षा समोरच्या उंच मुलीला पाठीने अडवून ठेवायची, चेंडू तिसरीच घ्यायची, आणि तो माझ्या शीटमध्ये त्या तिसरीच्या नावावर पडायचा. मायकेल लुईसने 2009 मध्ये शेन बॅटिए या खेळाडूवर एक लांबलचक लेख लिहिला होता. बॅटिएच्या स्वतःच्या आकड्यांत काही दिसत नाही, पण तो मैदानात असला की त्याचा संघ जास्त चांगला खेळतो, असा त्याचा विषय. आमच्या 22 नंबरने तो लेख वाचलेला नाही. तिने बहुतेक घरात तीन धाकटी भावंडं सांभाळली आहेत.

पण मी इंजिनिअर आहे आणि नऊ सामन्यांवर विश्वास ठेवायचा माझा धंदा नाही. नाणं नऊ वेळा उडवलं तर सात किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता साधारण नऊ टक्के. पंधरा मुली आहेत. म्हणजे कुणाच्याच अंगात काही विशेष नसलं, सगळं नुसतं नशीब असलं, तरी पंधरांतल्या एखाद-दुसरीच्या नावापुढे नवात सात दिसणारच. तीच मला दिसली असेल तर? फ्री थ्रोचंही तेच. दहात चार आणि दहात सहा यांत फरक आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही, तीच मुलगी आज चार टाकेल आणि उद्या सहा. आकडे मला 22 नंबरकडे बघ म्हणाले, एवढंच. बघितल्यावर जे दिसलं ते आकड्यांतलं नव्हतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी जिमखान्याच्या खोलीत सर आणि मी बसलो. चहा झाला. नऊ नावांवर बोलावंच लागलं नाही. तीन जागा, सहा मुली. दोघींची नावं आम्ही दोघांनी फारसं न बोलता खाली ठेवली. उरल्या चार: 3, 8, 14 आणि 22.

3 नंबर बीईची. तीन वर्षं बाकावर. पाण्याच्या बाटल्या भरणं, चेंडूंत हवा भरणं, पट्ट्या गुंडाळणं, सगळं केलेलं. आता पुढच्या जूनमध्ये ती बाहेर पडणार. माझ्या शीटवर ती 14 आणि 22 या दोघींच्या खाली होती, आणि अकरा दिवसांत तिच्या आकड्यांत काही हललं नव्हतं. जे यायचं ते तिला येऊन चुकलं होतं. मी तेवढंच सांगितलं. सर म्हणाले, "ती नसती तर गेली दोन वर्षं संघच झाला नसता. दहा जणी मोजल्यात त्यात ती दहावी होती." मी त्यावर काही बोलले नाही. हा रकाना माझ्याकडे नव्हता, आणि तो असायला हवा होता का हे मला आजही ठरवता येत नाही. संघ जिंकण्यासाठी असतो की संघ असण्यासाठी, हे नगरसारख्या ठिकाणी पुण्याइतकं सोपं नाही.

14 नंबरवर सरांचं आणि माझं एकमत. मग एकच जागा उरली, 8 किंवा 22.

8 नंबरची उंची पाच फूट नऊ इंच. आमच्याकडच्या मुलींत असं क्वचित. रिंग 3.05 मीटरवर असते, मुलींसाठी ती खाली येत नाही. 8 नंबर हळू आहे, तिच्या हातातून चेंडू सुटतो, ती नऊ सामन्यांतले चार जिंकली, जे नाण्याइतकंच. मी 22 साठी माझं सगळं मांडलं. नुसते आकडे नाही, ती कुठे उभी राहते, काय बोलते, कुणाला अडवते. सरांनी पूर्ण ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "तू म्हणतेस ते मला पटतं. पण नाशिककडच्या कॉलेजांसमोर उभं राहायचं तर बोर्डाखाली कुणाला ठेवू? चेंडू पकडायला मी हिला दोन महिन्यांत शिकवेन. उंची मी कुठून आणू?" यादी त्यांची, जबाबदारी त्यांची. मी असते तर 22 घेतली असती. बारावं नाव 8 चं लिहिलं गेलं.

यादी लावायच्या आधी ज्यांची नावं नव्हती त्या तिघींना बोलावून सांगायचं, असं मी सरांना म्हटलं होतं. सूचनाफलकासमोर मैत्रिणींच्या घोळक्यात आपलं नाव नाही हे कळणं मी वसतिगृहात पाहिलेलं आहे. सरांनी ते काम माझ्याकडेच दिलं. दोघी "ठीक आहे ताई" म्हणून गेल्या. 22 नंबर मात्र बाकावर बसली आणि म्हणाली, "मला माझे आकडे बघायचेत."

लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने आपली ओळ शोधली, बोट ठेवून एकेक रकाना वाचला. शेवटी थांबली.

"हे नवात सात काय आहे?"

"तू ज्या बाजूला होतीस ती बाजू नऊपैकी सात वेळा जिंकली."

"मग?"

मी तिला नाण्याची गोष्ट सांगितली. नऊ टक्के, पंधरा मुली, एखाद-दुसरी. तिला समजावून सांगावं लागलं नाही, प्रॉबॅबिलिटी त्यांना आहेच. तिने मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"म्हणजे नऊ कमी आहेत."

"हो."

"किती लागतील?"

"वीस झाले आणि त्यातले सोळा तुझ्या बाजूने गेले तर मीसुद्धा नाण्याचं नाव काढणार नाही."

"मंगळवारी आणि गुरुवारी पावणेचारलाच आहे ना सराव अजून?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. घड्याळात पाच-पस्तीस झाले होते. तिने सॅक उचलली आणि स्टँडकडे पळत सुटली.